रोज जवळून जातो, पण थांबत नाही: आपल्या तालुक्यातली जुनी ठिकाणं

पूर्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बियाण्याच्या कामासाठी मी दर्यापूर, अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यात अकरा वर्षांपासून फटफटीवर फिरतो. लासूर माझ्या वाटेतलं गाव. तिथलं आनंदेश्वराचं मंदिर प्रसिद्ध आहे हे ऐकून होतो, पण पाऊल कधी टाकलं नव्हतं. एकदा एप्रिलात तिथला दुकानदार म्हणाला, "पैसे चार वाजता देतो, तोवर बसा कुठं." ऊन मी म्हणत होतं. सावली पाहिजे म्हणून मंदिरात गेलो आणि पावणेतीन तास तिथंच बसलो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या दगडाचं, हेमाडपंती बांधणीचं मंदिर आहे. दगडावर दगड असा बेतून बसवलाय की सांध्यात चुना नाही. मधल्या खांबांच्या वर छतच नाही, वर पाहिलं की गोल आकाश दिसतं. त्या गोलातून उन्हाचा तुकडा खाली फरशीवर पडतो. मी टेकून बसलो होतो त्या खांबाच्या पायाशी आधी सावली होती. थोड्या वेळानं ऊन माझ्या चपलेवर आलं, मग गुडघ्यावर. तेव्हा उठलो आणि पुढच्या खांबाशी जाऊन बसलो. असं करता करता आतला जवळजवळ अर्धा भाग फिरून झाला. प्रत्येक खांब हाताच्या अंतरावरून पाहिला गेला. कुठं नक्षी पूर्ण आहे, कुठं कारागिरानं नुसती रेघ आखून सोडून दिलीय, हे उभ्या उभ्या पाहणाऱ्याला दिसत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. दुपारची तीच वेळ, पण उन्हाचा तुकडा चांगलाच उत्तरेकडं सरकलेला. श्रावणात गेलो तर आत पाऊस पडत होता. एक म्हातारे बाबा कोरड्या भागात बसून पोथी वाचत होते. आजवर सात वेळा झालं.

लोक विचारतात, तुझे किती किल्ले झाले, किती लेणी झाल्या. आकडा सांगण्यात मला गोडी वाटत नाही. एक ठिकाण चार ऋतूंत पाहावं, तिथल्या माणसांशी बोलावं, घरी येऊन वहीत लिहावं. माझ्या छंदात एवढंच बसतं. आणि सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करावी. अजिंठ्याला, रायगडला जाऊच, पण महिमापूरची सात मजली विहीर दर्यापूर तालुक्यात असून माझ्या ओळखीच्या दर्यापूरकरांपैकी निम्म्यांनी ती पाहिलेली नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून हा धागा. तुम्ही रोज ज्याच्या जवळून जाता पण थांबत नाही, असं एखादं ठिकाण तुमच्याकडं आहे का? किंवा थांबलात, तर काय दिसलं? सविस्तर लिहा.


मेळघाटपायथा | सोमवार, रात्री १०:५५

पूर्णाकाठ भाऊ, मनातलं लिहिलंत. मी अकोटचा. लहानपणापासून नरनाळा किल्ला म्हणजे सहलीचा डबा खायची जागा. शाळेतून गेलो, कॉलेजातून गेलो, मित्रांसोबत गेलो. महाकाली दरवाज्याखालून दहा वेळा तरी गेलो असेन. तो पाहिला मात्र चाळिशीत.

शहानूरवरून चढताना आधीचे दरवाजे साधे आहेत, दणकट, लढाऊ. आणि मग एकदम हा समोर येतो. पांढुरका वालुकाश्म, दगडात कोरलेली कमळं, दोन्ही बाजूंना पुढं आलेले सज्जे आणि त्यांच्या जाळ्या. त्या जाळ्या नीट पाहा, एकीचा नमुना दुसरीला नाही. वर शिलालेख आहे. हा दरवाजा १४८७ सालचा, फतहुल्ला इमादुल्मुल्कानं बांधलेला. तेव्हा तो बहमनी राज्याचा वऱ्हाडातला सुभेदार होता. पुढं १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि इमादशाही उभी राहिली. ती १५७४ पर्यंत टिकली, मग अहमदनगरच्या निजामशाहीनं घेतली.

याच माणसानं नरनाळ्याच्या दुसऱ्याच वर्षी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाची डागडुजी केली. तिथल्या दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलाय, दोन तोंडांचा पक्षी. हे चिन्ह दक्षिणेकडचं, मग वऱ्हाडात कसं आलं? इतिहासकार फरिश्ता लिहितो की इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी लढाईत पकडून इकडं आणलेला. हे वाचून पुन्हा चिखलदऱ्याला गेलो आणि त्या दगडापुढं बराच वेळ उभा राहिलो. लहानपणी घरापासून तुटलेल्या माणसाच्या किल्ल्यावर त्याच्या मुलखातला पक्षी.

मला एक वेगळी पद्धत सांगायचीय, कोणाला आवडली तर करून पाहा. मी एक वर्ष तारखेनं फिरलो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत लढाई झाली. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूचा विजेता झाला. १५ डिसेंबरला त्यानं गाविलगड घेतला. तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेच्या अंगानं वर नेल्या आणि तिकडून तट फोडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. लगेच १७ डिसेंबरला देवगावचा तह. त्यात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, नरनाळा आणि गाविलगड मात्र त्यांच्याकडं राहिले.

मी त्याच तारखांना त्या जागी गेलो. अडगावच्या शिवारात पाहण्यासारखं काही नाही असं लोक म्हणतात. सपाट काळं रान, कापूस वेचणाऱ्या बाया, हरभरा हातभर नाही अजून. पण नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी तिथं उभं राहिलं की कळतं, आडोशाला एक उंचवटा नाही, तोफेपुढं माणसानं जायचं कुठं. नंतर सोळाच दिवसांनी गाविलगडावर गेलो. तिथं थंडीनं बोटं आखडली होती. पुस्तकात या दोन लढाया एका ओळीत येतात. अंगावर घेतल्या की मधला रस्ता, मधली थंडी, मधले सोळा दिवस कळतात.

दोन्ही किल्ले जंगलात आहेत. वनखात्याच्या नाक्यावर नोंद होते, तिकीट असतं. निघण्याआधी चालू आहे का विचारून घ्या, आणि संध्याकाळी वेळेत खाली उतरा.


वऱ्हाडची_लेक | मंगळवार, दुपारी २:१०

फार छान धागा. माझं माहेर रिद्धपूरकडचं, सासर बुलढाणा जिल्ह्यात. तुम्ही सगळे दादालोक फटफटीला किक मारून निघता. आम्हा बायकांना एकटीनं निघणं अजून सोपं नाही, म्हणून आम्ही काय करतो ते सांगते.

आमचा बचत गट आहे, चौदा जणी. पहिल्यांदा सहल काढायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी शेगाव म्हटलं. शेगाव झालंच, पण त्यानंतर मी हट्ट धरला सिंदखेडराजाचा. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला तिथं एवढी गर्दी असते की राजवाडा दिसतो, बघता येत नाही. आम्ही मुद्दाम साधा मंगळवार धरला. एक गाडी ठरवली, डबे घरून घेतले, आणि सगळ्यात आधी मुक्कामाच्या जागी बायकांसाठी सोय कुठं आहे ते फोनवरून विचारून ठेवलं. हे लिहायला संकोच वाटत नाही, कारण या एका कारणावरून कितीतरी बायका निघतच नाहीत.

राजवाडा पाहून झाला, मोती तलाव पाहिला, चांदणी तलाव पाहिला, पुतळा बारवेच्या पायऱ्या उतरलो. मग लखुजीराजांच्या समाधीजवळ गेलो. लखुजीराजे, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू, चौघांना १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात दग्यानं मारलं. म्हणजे जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी. शिवबांचा जन्म त्यानंतर वर्षाच्या आत, १६३० मध्ये. आमच्यातल्या एक काकू हिशेब करून म्हणाल्या, "अगं, म्हणजे पोटुशी होती की होणार होती तेव्हा, आणि माहेर संपलं." त्या नंतर गाडीत बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मी इतिहासाची पदवी घेतलेली बाई, पण या दोन तारखा शेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या.

याच समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये उत्खननात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली, सुमारे पावणेदोन मीटर लांब, पायाशी लक्ष्मी. एवढी वर्षं लोक ज्या जमिनीवर चालत होते तिच्याच पोटात.

आणि माझ्या माहेराबद्दल. रिद्धपूरला लोक महानुभावांचं तीर्थ म्हणून जातात. म्हाइंभटांनी लीळाचरित्र तिथं सिद्ध केलं, मराठीतलं आद्य गद्य. आता मराठी विद्यापीठही तिथंच झालंय. पण त्याच्याही आठेकशे वर्षं आधीचा धागा त्या गावाला आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट रिद्धपूरचा म्हणून ओळखला जातो. चंद्रगुप्त दुसरा याची ती लेक, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावानं तिनं राज्य चालवलं. तिची मुद्रा रामटेकजवळच्या नगरधनला उत्खननात सापडली आहे. पुढची सहल नगरधन आणि रामटेकची. गटातल्या सगळ्यांनी आपणहून हो म्हटलं.


चिखलीकर | मंगळवार, दुपारी ३:३०

+१. ताई, त्याच रस्त्यानं लोणार आणि मेहकर जोडून घ्या. लोणारला सगळे सरोवर बघून परततात, गावातलं दैत्यसूदन मंदिर राहून जातं. मेहकरला शारंगधर बालाजीची मूर्ती आहे, १८८८ मध्ये जमिनीखालून निघालेली. फार देखणी आहे, शांतपणे पाहा.


धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री ८:१५

पूर्णाकाठ भाऊ, तुमचा धागा वाचला अन् मले आमच्या वावराची याद आली. मी काटोलकळचा. आमचं वावर मुरमाळ टेकळीले लागून हाये. धुऱ्याच्या वरतं थोळी पळीत जागा हाये, तिथं मोठमोठ्या गोट्याइचं गोल रिंगण हाये. मधात बारीक गोटे भरेल. लहानपनी आमी ढोरं चारत जाओ तवा त्या गोट्याइवर बसो. आजी म्हने, तिथं जुन्या लोकाइचं खळं व्हतं, दान्याचे गोटे झाले. म्हनून तिथं कोनी नांगर घालत नव्हतं.

आता आजी नाही. बाबा म्हनतात औंदा जेसीबी आनू, गोटे नाल्यात लोटू, पाव एकर तुरीले मोकयी व्हईल. जेसीबीवाल्याले शब्द बी देऊन झाला. मले काही समजून नाही राह्यलं. हे काही जुनं असंल का नुसते गोटे हायेत? जानकारानं सांगावं, लवकर.


जुना_मास्तर | मंगळवार, रात्री ९:०५

धुऱ्यावरचा, आधी जेसीबीवाल्याला फोन करून थांबवा, मग हे वाचा.

तुम्ही सांगता ते वर्णन शिलावर्तुळाचं वाटतं. न पाहता खात्रीनं सांगता येणार नाही, पण काटोल रस्त्याचा भाग त्यासाठीच ओळखला जातो. नागपूरहून काटोलकडं निघालं की जुनापाणी लागतं. तिथं अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत आणि ती संरक्षित आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खणलं आणि १८७९ मध्ये त्याविषयी लिहिलं. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही सगळी त्याच माळेतली. लोहयुगातली माणसं, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली, म्हणजे आजपासून अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची.

ती त्यांची दफनं आहेत. मेलेल्या माणसासोबत मडकी ठेवायची, लोखंडाची अवजारं ठेवायची, वरून माती आणि बारीक गोटे भरायचे आणि भोवती मोठ्या धोंड्यांचं कडं करायचं. काही ठिकाणी सोबत घोडा पुरलाय, त्याच्या तोंडातला लगाम आणि अंगावरचा तांब्याचा साज सापडलाय. माहुरझरीत मणी बनवले जात. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी मिळाली. आपल्याकडचं लोखंड कधीपासूनचं, असं कोणी विचारलं तर पुरावा या वावरांमधून निघालेला आहे. गावोगाव मी पाहिलं की लोक याला गवळ्यांचा वाडा म्हणतात, खळं म्हणतात, काहीतरी गोष्ट लावतात. तुमच्या आजीची गोष्ट खोटी म्हणू नका. त्या गोष्टीनं तीन हजार वर्षांची जागा तुमच्यापर्यंत सांभाळून आणली.

आता करायचं काय. मधे अजिबात खणू नका, हौस म्हणूनही नाही. जमिनीत कुठल्या थरात काय होतं, हीच खरी माहिती असते. मडकं उचललं की ती गेली. वर्तुळाचा व्यास पावलांनी मोजा, मोठे धोंडे किती ते मोजा, दिशा लिहा, चारही बाजूंनी फोटो काढा. धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे आहेत का, रांगेत आहेत का, ते बोट फिरवून पाहा. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर तसे आहेत. ग्रामपंचायतीत आणि तहसिलीत लेखी कळवा, पोच घ्या. चुकून काही हाताला लागलंच तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरात ठेवता येत नाही आणि विकता तर मुळीच येत नाही.

वडिलांची बाजूही मी समजतो. पाव एकर तूर म्हणजे घरातला पैसा आहे. त्यांना रागावू नका. त्यांना घेऊन एकदा जुनापाणीला जा. दोन्ही जागा शेजारी ठेवून त्यांनाच ठरवू द्या.


वैनगंगा | बुधवार, सकाळी ७:२०

मास्तर, वाचून अंगावर काटा आला. मी भंडाऱ्याची, आमच्याकडंही हीच गत. पवनीला आम्ही दर महिन्याला बाजाराला जायचो. जुन्या तटाजवळून एसटी वळते. तो तट, खंदक, आणि जगन्नाथ टेकडी. या टेकडीत १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप निघाला, सातवाहनांच्याही आधीपासून सुरू झालेला. माझ्या आईचं पवनीशी नातं हातमागाच्या लुगड्याचं. स्तूप म्हटलं की तिला सांची आठवायची, कारण सांची पाठ्यपुस्तकात होतं. आपली टेकडी पुस्तकात नव्हती. मी तिला नेऊन दाखवलं. ती टेकडीवर बसली, नदीकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "मी तं याच्या खालून भाजी नेत होते."

आणि मार्कंडा कोणीच लिहिलं नाही अजून! चामोर्शी तालुका, गडचिरोली. वैनगंगा तिथं उत्तरेला वळते, म्हणून तीर्थ. महाशिवरात्रीला जत्रा भरते. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ मध्ये तिथं आला होता आणि त्यानं या मंदिरांची नोंद केली. लोक विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मला ते म्हणणं पटत नाही. आपल्या जागेला दुसऱ्या जागेचं नाव कशाला? नदी, वाळू आणि देवळाची भिंत एवढी जवळजवळ मी दुसरीकडं पाहिलेली नाही. पहाटे गेलात तर ऊन नदीवरून उसळून मूर्तींवर येतं आणि चेहरे खालून उजळतात. अर्धा तास टिकतं ते. त्या अर्ध्या तासासाठी मी गडचिरोलीत मुक्काम करते आणि अंधारात निघते.

काम रेंगाळल्याच्या, दगड पडून राहिल्याच्या तक्रारी माझ्याही मनात आहेत. पण त्या योग्य ठिकाणी अर्जात लिहिते, इथं नको.


काळीमाती | बुधवार, दुपारी १:००

सगळं आवडलं, पण एक कळकळीची विनंती. ज्या जागा संरक्षित नाहीत, जिथं चौकीदार नाही, त्यांचा नेमका पत्ता टाकू नका. आमच्या गावाबाहेर वडाखाली गणपतीची जुनी मूर्ती होती. कोणीतरी फोटो काढून गावाच्या नावासकट, नकाशासकट टाकला. दोन महिन्यांत अमावस्येच्या रात्री गुप्तधनवाले आले. मूर्ती उलथवली, खाली पुरुषभर खड्डा केला, लिंबं टाकून गेले. धन कुठून असणार तिथं. मूर्तीचा हात तुटला. गावातल्या म्हाताऱ्या बाया सकाळी येऊन रडल्या. मी ते पाहिलंय.


पूर्णाकाठ | बुधवार, रात्री ९:३०

काळीमाती, वाचून खूप वाईट वाटलं. दिवसभर विचार केला. माझं मत आधी असं होतं की जितके लोक जातील तितकं बरं, जाग राहते. लासूर, नरनाळा, सिंदखेडराजा, जुनापाणी, मार्कंडा यांच्याबाबत ते खरंच आहे. तिथं जा, मुलाबाळांना न्या, पत्ता सगळ्यांना सांगा. पण ज्या जागेला राखण नाही तिथं तुमचं म्हणणं मला पटलं. या धाग्यावर आपण असं ठरवू: संरक्षित ठिकाणाचं नाव-गाव पूर्ण लिहायचं. बाकीच्यांचा फक्त तालुका. नकाशावरची खूण टाकायची नाही. ज्याला खरंच पाहायचंय तो लिहिणाऱ्याला विचारेल, मग सोबत जाऊ. माझ्याही जुन्या दोन नोंदींमध्ये गावाचं नाव होतं, ते आजच काढलं.

धुऱ्यावरचा, तुम्हीही यापुढं गाव लिहू नका.


पारावरचा | गुरुवार, सकाळी १०:४५

मोठ्या जागांबद्दल बरंच झालं. मी फक्त मारुतीच्या पारावर काय पाहायचं ते सांगतो, कारण ते प्रत्येक गावात असतं.

पाराला टेकवलेले उभे दगड पाहा. त्यावर खालपासून वर तीन-चार चौकटी असतील तर तो वीरगळ. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, बाजूला गाई असतील तर तो गोधन राखताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवपिंडीची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. लोक दोन्हींना देव मानून शेंदूर लावतात. लावू द्या. शेंदूर खरवडून आतलं पाहायचा मोह करू नका. तो गावाचा देव आहे, आणि शेंदराखाली दगडही जपला जातो.

अक्षरं दिसली तर त्यावर खडू, चुना, पावडर काही घासायचं नाही. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना तिरप्या उन्हात फोटो घ्या, झिजलेली अक्षरंही उठून येतात. ऊन नसेल तर मोबाइलची बॅटरी बाजूनं धरा, समोरून नको. माझा नववीतला पुतण्या हे करतो, त्यानं आमच्या पारावर एका ओळीतला "स्वस्ति" मला वाचून दाखवला. बारा वर्षं मी त्या दगडावर पाठ टेकून बसत होतो.


वऱ्हाडची_लेक | गुरुवार, दुपारी ३:००

पारावरचा भाऊ, बांगड्यांचा हात! आमच्या गावच्या वेशीवर आहे तो. सगळ्या बाया लग्नानंतर तिथं हळद-कुंकू लावतात, मीही लावलंय. कशाचा दगड आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता त्याच्यापुढं उभं राहताना वेगळंच वाटणार.


धुऱ्यावरचा | पुढचा सोमवार, रात्री ८:५०

मास्तर, पूर्णाकाठ भाऊ, काकू-ताई सगळ्याइले नमस्कार.

जेसीबीवाल्याले मंगयवारी रातीच फोन केला, तो थांबला. रैवारी बाबाले घेऊन जुनापानीले गेलो. बाबा आधी नाहीच म्हनत व्हते, मंग एसटीत बसले. तिथं पोचल्यावर पयल्या रिंगनापाशी उभे राह्यले, कायीच बोलले नाही. मंग चालत चालत दुसऱ्यापाशी गेले, तिसऱ्यापाशी गेले. एका गोट्यावर हात ठेवून मले म्हने, "आपल्याच वानाचे गोटे हायेत हे."

घरी आल्यावर आमी दोघाईनं मोजलं. दोरी बाबाइनं धरली. उत्तर-दक्षिन बावीस पावलं, पूर्व-पश्चिम एकवीस. मोठे गोटे ४६, त्यातले सात निम्मे जमिनीत गेले. तुमी सांगतलं तसं बोट फिरवून पाह्यलं, अन् पूर्वेकळच्या एका गोट्यावर खड्डे सापळले. वाटीवानी, अंगठा बसंल एवढे. दोन ओयी, एकीत सहा अन् दुसरीत सहा. त्याच गोट्यावर मी लहानपनी बसत जाओ. मले वाटे पावसानं पळले.

फोटो काढले, ग्रामपंचायतीत कागद देला, पोच घेतली. बाबाइनं सांगतलं, औंदा तूर धुऱ्याच्या खालतंच पेरू. वरतच्या बाजूनं बोराटीचं कुंपन टाकून राह्यले, ढोरं जाऊ नये म्हनून.

मास्तर, तुमी येऊन पाहून जा नं. यायच्या आदल्या दिवशी सांगा, आई रोडगे करतो म्हने.